मैना, मुंबई आणि मालकी
एका शाहिराच्या पक्वतेचा इतिहास

अलीकडे आपल्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातही कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी रॅप ऐकू येऊ लागला आहे. जुन्या मंडळींना त्यात नुसता गलका ऐकू येतो. ना चाल, ना सूर, भराभरा बोलत सुटायचे आणि मध्येच हातवारे करायचे, हे कसले गाणे, असा त्यांचा सवाल असतो. पोरांचे उत्तर ठरलेले असते : हे अंडरग्राउंड आहे, तुम्हाला नाही कळायचे. या भांडणात पडण्याचा प्रस्तुत लेखाचा इरादा नाही. मात्र 'अंडरग्राउंड' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. कंपनीचा शिक्का नको, सिनेमाचा आश्रय नको, आपली वस्ती आपल्याच बोलीत मांडायची, एवढाच त्याचा आजचा अर्थ आहे. आपल्या भाषेत मात्र एक असा गाणारा होऊन गेला, ज्याच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा होता. त्याच्या फडावर सरकारी बंदी आली आणि त्याला भूमिगत व्हावे लागले. त्याच गाणाऱ्याने पुढे एक अशी छक्कड रचली, की जिच्यात आपल्या बेळगावचे नाव कायमचे कोरले गेले. अण्णाभाऊ साठे हे त्याचे नाव आणि 'माझी मैना' ही ती छक्कड.

अण्णाभाऊंवर महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवर प्रबंध झाले, १ ऑगस्टला जयंत्या होतात, २००२ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. पण शाहीर म्हणून त्यांची कला कशी वाढत गेली, आरोळीपासून ती काळजापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न आपण सीमाभागातील लोकांनी विशेष आस्थेने विचारायला हवा. कारण या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर आपण स्वतः उभे आहोत.

वाटेगाव ते लेबर कॅम्प

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगलीकडील वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. शाळेचे तोंड त्यांनी दीड दिवस पाहिले, ही गोष्ट आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते. तिच्यातला कडवटपणा आपण विसरतो. ज्या मुलाला शाळेने दोन दिवसही सांभाळले नाही, त्याच्या पुस्तकांवर आज विद्यापीठांत परीक्षा घेतल्या जातात. १९३० नंतरच्या मंदीच्या आणि दुष्काळी वर्षांत साठे कुटुंब पायी मुंबईला निघाले. वाटेत मिळेल ते काम, मिळेल तिथे मुक्काम. मुंबईत हमाली झाली, फेरीवाल्याचे ओझे वाहून झाले, गिरणीत काम झाले. मध्यंतरी गावी परतल्यावर नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते वावरले. ढोलकीचा ठेका, सोंगाड्याची बतावणी, प्रेक्षकाला क्षणात हसवून क्षणात गप्प करण्याची हातोटी हे सगळे त्यांना तेथे मिळाले. अक्षरओळख त्यांनी करून घेतली ती मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचून.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा वावर होता. तेथेच अण्णाभाऊ चळवळीत आले आणि तेथेच ते रचू लागले. त्यांची सुरुवातीची एक रचना वस्तीतल्या डासांवर होती असे सांगतात. ऐकून हसू येते, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दूरच्या ब्राँक्स भागात, न्यूयॉर्क शहराच्या एका टोकाला, ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने एका इमारतीतल्या घरगुती जलशात दोन तबकड्यांवर ठेका धरला, आणि तेथून रॅपचा उगम झाला असे मानतात. पहिली काही वर्षे त्या गाण्यांत नाचणे, फुशारकी आणि मौज एवढेच होते. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांचे 'द मेसेज' आले, आणि फुटक्या काचांची, उंदीर-झुरळांची, थकलेल्या भाड्याची वस्ती गाण्यात आली. आपल्याकडे लेबर कॅम्पातला डास त्याच्या आधी चार दशके गाण्यात आला होता. हा शर्यतीचा मुद्दा नव्हे. ज्याच्याकडे दुसरे काही नसते, तो आधी आपल्या भोवतालालाच नावे देतो, हे दोन्हीकडे सारखेच, एवढाच त्याचा अर्थ.

लाल बावट्याचा डफ

१९४४ साली अण्णाभाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघांची गुणसंपदा वेगवेगळी होती. अमर शेख मूळचे बार्शीचे, मेहबूब हुसेन पटेल हे त्यांचे खरे नाव. त्यांचा आवाज असा पल्लेदार, की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाही तो हात धरून जवळ ओढी. अण्णाभाऊंची शक्ती लेखणीत आणि बतावणीत होती. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा १९४३ च्या सुमाराचा. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी रचना केली, 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे' असे वग लिहिले.

या काळातल्या रचनांत आवेश आहे, नर्मविनोद आहे, सावकार आणि काळाबाजारवाल्यांची मनसोक्त खिल्ली आहे. तमाशाचा साचाही अण्णाभाऊंनी बदलला. जुन्या वगात आधी गणपतीचा गण, मग कृष्ण-पेंद्या-मावशीची गवळण, मग बतावणी, शेवटी वग असा क्रम. अण्णाभाऊंनी गणात मायभूमीला, शिवरायांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले आणि गवळणीला रजा दिली. नायक म्हणून राजा-प्रधान गेले, शेतकरी आणि गिरणीकामगार आले. फडाचा नट तोच, ढोलकी तीच, पण वगाचा विषय पार पालटला.

तरीही पोवाड्याच्या या पहिल्या बहरात एक मर्यादा होती, ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. स्टालिनग्राड ज्याने पाहिले नाही, तो शाहीर स्टालिनग्राड गात होता. पक्षाची भूमिका, वर्तमानपत्रातली बातमी आणि शाहिराचा गळा यांची ती जुळवणी होती. श्रोत्याच्या अंगावर काटा येई, मुठी वळत. पण घरी गेल्यावर त्या श्रोत्याच्या मनात रात्रभर काही रेंगाळत असेल का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. सुरुवातीला रॅप करणाऱ्या पोराचेही असेच असते. शत्रू ठरलेला, शिवी ठरलेली, टाळीची जागा ठरलेली. त्यात खोटे काही नसते, पण स्वतःचेही फार थोडे असते.

बंदी आणि लोकनाट्य

स्वातंत्र्य आले, आणि मुंबई राज्याच्या सरकारची या शाहिरांवर वक्रदृष्टी झाली. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. कम्युनिस्टांची धरपकड चालली होती, त्यात लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. तमाशावरही निर्बंध आले. अण्णाभाऊंना काही काळ लपतछपत राहावे लागले. या बंदीवर त्यांनी काढलेला तोडगा मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. तमाशाला मनाई असेल, तर हे लोकनाट्य आहे म्हणा! या शब्दाच्या प्रसाराचे श्रेय अण्णाभाऊंकडे जाते. पुढे तो इतका प्रतिष्ठित झाला, की नाट्यगृहांच्या जाहिरातींतही तो दिमाखाने मिरवू लागला.

बंदीने शाहीर गप्प झाला नाही, हे खरे. पण बंदीने त्याच्या कलेवर आणखी एक परिणाम केला असावा असे मला वाटते. मैदान हिरावले गेले, की शाहिराला लहान बैठकीत, चाळीच्या खोलीत, मोजक्या माणसांसमोर गावे लागते. तेथे आरोळी चालत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे लागते. 'मुंबईची लावणी' ही रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शाहीर येथे मुंबईच्या रस्त्यावर उभा आहे. एकीकडे मलबार हिलची श्रीमंती, दुसरीकडे परळची दाटी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून तो बाजूला होतो, आणि निष्कर्ष श्रोत्यावर सोपवतो. स्टालिनग्राडपासून ही मजल मोठी होती. आता शाहीर जे गात होता, ते त्याने पायी तुडवलेले होते.

मैना

याच्या पुढची पायरी म्हणजे 'माझी मैना'. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या काळात ही छक्कड गाजली. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईत गोळीबार झाले. आपल्याकडेही वणवा पेटला, आणि तेव्हापासून १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकर, आत्माराम पाटील असे शाहीर गावोगाव फिरले. सभेला माणसे जमत, ती निम्मी भाषणासाठी आणि निम्मी डफासाठी.

अशा धामधुमीत शाहिराकडून अपेक्षा असते ती रणगर्जनेची. अण्णाभाऊंनी रचली विरहाची लावणी! गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने कासावीस झालेला एक गिरणीकामगार तिच्यात बोलतो. आधी तिच्या रूपाचे, स्वभावाचे वर्णन येते. मग गरिबीने झालेली ताटातूट. पहाटेची वेळ, भाकरी बांधलेली, ती त्याला वेशीपर्यंत पोचवायला आलेली. तिचा चेहरा उतरतो. तिला हसवण्यासाठी तो दागिन्यांची वचने देतो, त्यात आपला कोल्हापुरी साजही आहे. पण ती खुलत नाही. मन घट्ट करून तो मुंबई गाठतो आणि बेकारांच्या गर्दीत मिसळून जातो. मग लढा येतो, एकजूट येते, मुंबईचा संग्राम येतो. आणि अगदी शेवटी शाहीर सांगतो, की माझ्या मैनेची आणि माझी जी गत, तीच या तुकडे झालेल्या महाराष्ट्राची. तेथे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात.

येथे तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट बोलणाऱ्याची. आपल्या जुन्या लावणीत विरह होतो तो बहुधा स्त्रीला. होनाजी, राम जोशी, परशराम, सगनभाऊ हे सारे पुरुष, पण त्यांच्या लावणीत झुरते ती बाई. पती मोहिमेवर गेलेला आणि ती माडीवर वाट पाहत बसलेली. अण्णाभाऊंनी हा डाव उलटवला. येथे झुरतो तो पुरुष, तोही सरदार नव्हे, चाळीत एका खोलीत दहा जणांबरोबर अंथरूण टाकणारा कामगार. पेशवाईतल्या मोहिमेची जागा गिरणीने घेतली. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, खानापूर, बेळगाव या आपल्या मुलखातून किती माणसे अशी मुंबईला गेली, हे वाचकांना सांगायला नको. खानावळवाल्या बाईच्या हातचे जेवायचे, मनिऑर्डर पाठवायची आणि शिमग्या-गणपतीला गावी यायचे, हा दोन-तीन पिढ्यांचा शिरस्ता होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने तो मोडला आणि अनेकजण रिकाम्या हातांनी परतले. त्यांची मैना त्यांना भेटली, पण कोल्हापुरी साजाचे वचन राहूनच गेले.

दुसरी गोष्ट चढणीची. शाहीर सीमाप्रश्नाला पहिल्याच कडव्यात हात घालत नाही. आधी तो श्रोत्याला त्याच्या स्वतःच्या वेशीवर नेऊन उभा करतो. तेथे त्याचा गळा दाटून आला, म्हणजे मग हळूच नकाशा पुढे करतो. नकाशावरची रेघ आता रेघ राहत नाही, ती ताटातूट होते. हे काम आकडेवारीच्या निवेदनाने किंवा ठरावाने साधत नाही. ठराव आपल्याकडे झालेच होते. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावातच ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि तेथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला. त्या ठरावाचे महत्त्व मोठे आहेच. पण ठराव सुशिक्षितांपर्यंत पोहोचला, आणि छक्कड पोहोचली ती तंबाखूच्या वखारीपर्यंत.

तिसरी गोष्ट यमकाची, आणि रॅपच्या नादी लागलेल्या मुलांनी ती मुद्दाम कान देऊन ऐकावी. ही छक्कड जवळजवळ सबंध एकाच यमकावर चालते. प्रत्येक चरणाच्या शेवटी 'ची' हा प्रत्यय येऊन आदळतो. आजचा रॅपर ज्याला फ्लो म्हणतो, तो हाच. एका यमकावर श्वास न तोडता लांबलचक पल्ला मारायचा आणि ऐकणाऱ्याला पुढच्या ठोक्याची वाट पाहायला लावायची. पण अण्णाभाऊंच्या निवडीत नुसती करामत नाही. 'ची' हा मराठीत मालकी सांगणारा प्रत्यय आहे. कुणाची? अमक्याची, तमक्याची. रूप मैनेचे, गरिबी आमची, गर्दी बेकारांची असे करत करत हा प्रत्यय सबंध लावणीभर कानावर पडत राहतो, आणि शेवटी खरोखरच मालकीचा सवाल उभा ठाकतो : ही भूमी कुणाची? व्याकरणातला एक साधा प्रत्यय राजकारणाचा गाभा होऊन बसतो. शाहिराने हे ठरवून केले की त्याच्या कानाने आपोआप केले, हा वाद निरर्थक आहे. पक्व कलावंताचा कान त्याच्या बुद्धीच्या चार पावले पुढे असतो.

पुढे काय झाले

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. मैना गाणाऱ्याची मुंबई त्याला मिळाली, पण लावणीचे शेवटचे कडवे तसेच राहिले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ ला त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे आणि निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावेत, असे त्याने सुचवले. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावचे बेळगावी झाले.

अण्णाभाऊंचे पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. २ मार्च १९५८ ला मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे त्यांनी उद्घाटन केले. १९५९ ला 'फकिरा' आली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. राहणे मात्र घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ ला वयाच्या ४९ व्या वर्षी, हलाखीत त्यांचे निधन झाले. अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. ज्या राज्यासाठी हे दोघे गायले, त्या राज्याने त्यांना उतारवय पाहू दिले नाही.

सीमेवरचा डफ

आता थोडे आपल्या घरातले. सीमाभागात राहणाऱ्यांना एक गोष्ट दिसते, जी मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांना सहसा दिसत नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचा सामना रंगतो, तुरेवाले शिवाची आणि कलगीवाले शक्तीची बाजू घेऊन सवाल-जवाब करतात. आपल्याच शेजारी, कानडी मुलखात, हरदेशी-नागेशी हा असाच सामना चालतो, आणि गी गी पदे म्हणणाऱ्यांच्या हातात तोच डफ आणि तेच तुणतुणे असते. संगोळी रायण्णाची गाथा तेथे त्याच जोमाने गायली जाते. रॅपवाले ज्याला बॅटल म्हणतात, ते दोन्ही भाषांच्या जत्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. मालकीचा दावा करताना हे शेजारपण विसरता येत नाही. मैनेतही शाहिराचा राग रेघ ओढणाऱ्यांवर आहे, रेघेपलीकडच्या गरिबावर नाही.

म्हणून आज आपल्या पोरांनी मोबाइलवर ठेका लावून रचना केली, तर तिला नाके मुरडू नयेत. 'गल्ली बॉय' हा सिनेमा २०१९ ला आला आणि रॅप घरोघर पोहोचला. त्याच वर्षी मुंबईच्या स्वदेशी या रॅपर मंडळींनी आरे जंगलातले प्रकाश भोईर यांना साथीला घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केले. २०२३ ला महाराष्ट्रात दोन तरुण मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. म्हणजे शाहिराच्या मागचा ससेमिराही अजून सुटलेला नाही.

फक्त एक अपेक्षा आहे. सीमाप्रश्नावर गाणे करायचे म्हटले, की पोरे पहिल्या ओळीपासून घोषणा देऊ लागतात. घोषणा आमच्या पिढीने पुष्कळ दिल्या, त्या देण्यात कमीपणा नाही. पण निपाणीत विड्या वळणाऱ्या बायांची बोटे अजून गाण्यात आलेली नाहीत. ६ एप्रिल १९८१ ला तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनावर निपाणीत झालेल्या गोळीबाराची छक्कड झालेली नाही. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखू कामगारांच्या कथा आयुष्यभर लिहिल्या. २०२४ ला ते गेले. गद्यात जे झाले, ते गाण्यात व्हायचे आहे. घरी मराठी, बाजारात कानडी आणि कॉलेजात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची स्वतःशी झालेली ताटातूट कोणी गायलेली नाही.

डासांवर रचना करणाऱ्या पोराला मैनेपर्यंत यायला दहा-पंधरा वर्षे लागली, आणि त्यात एक बंदी, एक लढा व अर्धे आयुष्य खर्ची पडले. आपल्याकडच्या ज्या पोराला आज दहा माणसे ऐकतात, त्याने घाई करू नये. आपली वेस, आपली पहाट आणि आपल्याला पोचवायला आलेले माणूस त्याने आधी नीट पाहून घ्यावे. बेळगावचे नाव घ्यायची वेळ मग आपोआप येईल.